कब्जा सुटू नये म्हणून काढलेले सिनेमे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सुपरहिरोंच्या सिनेमांवर लेख होता, त्यात लिहिलंय की तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून काढतात कारण नवीन पिढीला तसं आवडतं. माझ्या सातवीतल्या मुलाने तो वाचला आणि विचारलं, बाबा मग सगळ्यांना स्पायडरमॅन आवडत होता तर त्याचा नट का बदलला? खरं कारण करारात आहे आणि लेखात त्याबद्दल एक ओळही नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या रामबागेतल्या वाड्यात एक खोली होती. भाडेकरू केव्हाच दुसरीकडे राहायला गेलेले, पण दर दिवाळीला येऊन कुलूप उघडायचे, उंबऱ्यावर एक पणती लावायचे आणि निघून जायचे, का तर कब्जा सुटू नये. स्टुडिओवाले पण हेच करतात हो. या हिरोंची कॉमिक्स काढणारी मार्व्हल कंपनी 1996 मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच्या आगेमागे पैशापायी एकेक हिरोचे सिनेमाचे हक्क बाहेर गेले, एक्स-मेन ही हिरोंची टोळी फॉक्स स्टुडिओकडे, स्पायडरमॅन सोनी स्टुडिओकडे. पण मुदतीत सिनेमा आला नाही तर हक्क परत. सोनीला एका सिनेमानंतर पुढचा 5 वर्षं 9 महिन्यांत थिएटरात आणायची अट होती. आता स्पायडरमॅनचा 2007 चा तिसरा भाग आणि 2012 चा नव्या नटाचा सिनेमा यातलं अंतर मोजा, त्यात काका पुन्हा मरतो, कोळी पुन्हा चावतो, आणि तिकीट आपण पुन्हा काढतो.

सगळ्यात वाईट मला फँटास्टिक फोरचं, म्हणजे मार्व्हलच्याच चार हिरोंच्या चौकडीचं वाटतं. 1992 संपता संपता निर्मात्याकडचे हक्क जाणार होते म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने शूटिंग सुरू केलं, अगदी थोड्या पैशात. नटांनी स्वतःच्या खिशातून खर्च करून त्याची जाहिरात केली, आणि तो सिनेमा आजपर्यंत रीतसर रिलीज झालाच नाही. त्या लोकांनी मन लावून काम केलं होतं! हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

2015 मध्ये सोनी आणि मार्व्हलने समझोता केला तेव्हा कुठे स्पायडरमॅन बाकीच्या हिरोंबरोबर दिसायला लागला, आणि 2019 मध्ये मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेने फॉक्सच विकत घेतल्यावर एक्स-मेन मार्व्हलच्या घरी आले. म्हणजे कोण कोणाबरोबर दिसणार हे लेखकाच्या हातातच नसतं, ते वकील ठरवतात.

विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा हक्क कोणाकडे आहेत आणि मुदत कधी संपतेय हे एका चौकटीत द्या. मुलं वाचतात आपला पेपर.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर