डूकी चेसला वगळून न्यू ऑर्लिन्स?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला न्यू ऑर्लिन्सच्या खाद्यभ्रमंतीचा लेख वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. कॅफे दू माँदची तळलेली, पिठीसाखरेने माखलेली बेन्ये मलाही आवडतात, आणि १८४० पासून चालू असलेल्या अँट्वान्स हॉटेलचं कौतुकही रास्तच आहे. पण ‘खाण्यासाठी फ्रेंच क्वार्टरबाहेर (म्हणजे गावाच्या जुन्या, पर्यटकांच्या भागाबाहेर) जायची गरज नाही’ हे वाक्य तुम्ही छापलंत कसं?

हे मी पूर्वीही ऐकलं आहे. अमेरिकेच्या सहलीत आमची बस न्यू ऑर्लिन्सला थांबणार होती. माझी भाची तेव्हा तिथे ट्युलेन विद्यापीठात शिकत होती. तिने बजावलं होतं, ‘मावशी, काही झालं तरी डूकी चेस हॉटेलात जेव.’ मी सहल व्यवस्थापकाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘काकू, तो एरिया बरा नाही. आणि आपलं जेवण गाडीत आलेलं आहे.’ मग काय, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या गार पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणच्याची पुडी. एकटी टॅक्सीने जाऊन येते म्हटलं, तर ग्रुप सोडता येणार नाही म्हणे! एवढे पैसे भरून, एवढ्या लांब जाऊन, त्या गावात मी गार पुऱ्या खाल्ल्या. तो राग अजून गेलेला नाही.

तो ‘एरिया’ म्हणजे ट्रेमे, कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. तिथे डूकी चेस १९४१ पासून आहे. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर जेवणं कायद्याने गुन्हा होता, तेव्हा हे हॉटेल चालवणाऱ्या लीआ चेस बाईंनी त्यांना एकत्र बसवून गंबो (तिथला मांस-मासे घातलेला घट्ट रस्सा) वाढला. वरच्या मजल्यावर नागरी हक्कांच्या चळवळीतल्या लोकांच्या बैठका चालत. पोलिसांना ठाऊक होतं, पण तिथे धाड घातली तर सगळं गाव उठेल ही भीती होती. २००५ मध्ये कॅटरिना वादळात हॉटेल पाण्याखाली गेलं. तेव्हा ऐंशी उलटलेल्या लीआबाई समोरच्या बाजूला ट्रेलरमध्ये राहिल्या आणि सुमारे दोन वर्षांनी हॉटेल पुन्हा उभं केलं. २०१९ मध्ये ९६व्या वर्षी त्या गेल्या. तुमच्या पानभर लेखात त्यांचं नावसुद्धा नाही!

भाचीच्या पदवीदानाला गेले तेव्हा कुठे मला तिथे जेवता आलं. भिंतीभर कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं आणि समोर गडद तपकिरी गंबो. तो रंग मसाल्याचा नसतो. पीठ तेलात मंद आचेवर सारखं परतत राहायचं, हात थांबला की करपलंच. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिथे गंबो झेर्ब करतात. आपल्या ऋषिपंचमीच्या भाजीसारख्या त्यात कितीतरी पालेभाज्या एकत्र शिजतात, फक्त जोडीला मांस असतं. जितक्या प्रकारचा पाला, तितके नवे मित्र मिळतात अशी तिथली समजूत आहे. ते खायला मात्र त्याच दिवशी जायला हवं.

पो’बॉयला लेखात ‘फ्रेंच सँडविच’ म्हटलं आहे, तेही चूक. १९२९ च्या ट्राम कामगारांच्या संपात मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना फुकट खाऊ घातलेलं ते सँडविच, अशीच त्याची कहाणी गावात सांगतात. हे दोघे भाऊ आधी स्वतः ट्रामवर कामाला होते. संप पाहिलेल्या मुंबईच्या वाचकांना एवढं तरी सांगायचं होतंत.

आणखी एक, आणि हे जास्त गंभीर आहे. सोमवारच्या रेड बीन्स अँड राइसला ‘राजमा-चावलच, शाकाहारींनी निर्धास्त खावं’ असं लिहिलं आहे. अजिबात निर्धास्त खाऊ नये! सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. रविवारच्या डुकराच्या मांसाचं उरलेलं हाडूक घालून राजमा दिवसभर चुलीवर रटरटत ठेवायचा, हीच त्या पदार्थाची रीत. आजही त्यात बहुतेक ठिकाणी डुकराचं मांस किंवा सॉसेज असतंच. हा लेख वाचून कोणी आजी-आजोबा तिथे जाऊन ते विश्वासाने खातील. येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, ठळक अक्षरांत दुरुस्ती छापा. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

– एक नियमित वाचक, ठाणे