एसीपी प्रद्युम्न आणि नकुल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकांवर जो लेख आला, त्यात ‘सीआयडी’मधील एसीपी प्रद्युम्न यांची बोळवण हवेत फिरणारी बोटे आणि ‘कुछ तो गडबड है’ एवढ्यावरच केली आहे. २१ जानेवारी १९९८ ते २७ ऑक्टोबर २०१८ अशी वीस वर्षे चाललेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या मालिकेच्या मुख्य पात्राविषयी लेखकाला एवढेच आठवावे, याचे वाईट वाटले. अर्थात सगळा दोष लेखकाचा नाही.

प्रद्युम्न या माणसाने गुन्हेगारीच्या वाटेला लागलेल्या स्वतःच्या मुलावर, नकुलवर, स्वतःच्या हाताने गोळी झाडली आहे. मालिकेच्या सुरुवातीच्या काळातली ही गोष्ट ज्यांनी पाहिली, त्यांना पुढे प्रत्येक प्रेताजवळ वाकणारे प्रद्युम्न निराळेच दिसतात. १९९९ च्या ‘वास्तव’ चित्रपटातही प्रद्युम्न साकारणाऱ्या शिवाजी साटम यांच्या वाट्याला गुंड झालेल्या मुलाचा बापच आला होता, फक्त तिथे गोळी आई झाडते; तेव्हा असा बाप या नटाला पेलत नव्हता, असे कोणी म्हणू शकणार नाही. पण मालिकेला दर आठवड्याला नवा खून हवा होता. नकुल क्वचित कधी आठवणीपुरता आला, एरवी न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेतील चेष्टामस्करीत तो विरून गेला. ज्या मालिकेने २००४ मध्ये एकशे अकरा मिनिटांचा भाग कॅमेरा न थांबवता एका दमात चित्रित करून दाखवला, तिला या बापाच्या घरी रात्री दहा मिनिटे थांबण्याइतकी सवड मिळाली नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

यावर कोणी म्हणेल की पोलिसाला कुठे शोक करत बसायला वेळ असतो? तेही खरे आहे. आमचे अण्णा सोलापुरात हवालदार होते आणि आमचे बालपण पोलीस लाइनीत गेले. माझा थोरला भाऊ कावीळ होऊन गेला, त्याचे तेरावे झाले आणि दोनच दिवसांनी सिद्धेश्वर यात्रेचा बंदोबस्त लागला. भोगीला अक्षता सोहळ्याच्या गर्दीत आणि किंक्रांतीला शोभेच्या दारूकामासाठी होम मैदानावर अण्णा उभे होते. हजेरी चुकली नाही, कोणावर आवाज चढवला नाही. मात्र त्या वर्षापासून पट्ट्याचे पितळी बक्कल घासायला ते रात्री जेवणानंतर बसत, ते आम्ही झोपून मधेच जागे झालो तरी घासतच असत. आई चिंचेचा कोळ त्यांच्या हातून काढून घेई आणि एक शब्दही न बोलता दिवा मालवी. बाहेरच्या कोणालाही त्यांच्यात काही बदल झाल्याचे जाणवले नसते.

पडद्यावरचे प्रद्युम्न दुसऱ्या दिवशी कामावर येतात, हे म्हणूनच मला खोटे वाटत नाही. खोटे वाटते ते त्यांचे बक्कल कधीच न दिसणे. इन्स्पेक्टर अभिजीतच्या हरवलेल्या स्मृतीवर मालिकेने कितीतरी भाग खर्ची घातले, कारण त्यात रहस्य होते. बापाच्या दुःखात रहस्य नव्हते, म्हणून ते मागे पडले असावे.

आपल्या लेखात नकुलचे नावही आलेले नाही. शक्य असल्यास एवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर