देवाचे काम आणि रामनवमीची घाई

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की नागपुरातला महाल भाग आणि आसपासच्या जुन्या वस्त्यांतील मंदिरांबाहेर जीर्णोद्धाराच्या वर्गणीचे फलक लागू लागतात. त्या निमित्ताने स्वतःच्या हातून घडलेली एक चूक आपल्या वाचकांपुढे मांडावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या वस्तीतील मंदिर भोसलेकालीन आहे, म्हणजे १८५३ साली नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले आणि त्यानंतर राज्य खालसा झाले त्याच्याही आधीचे. काही वर्षांपूर्वी त्याच्या दुरुस्तीसाठी जी समिती नेमली गेली, तिच्यात मीही होतो. आमच्यापैकी एकाच्याही भक्तीबद्दल शंका घेता येणार नाही. पहाटेच्या काकडआरतीला नेमाने येणारी ही माणसे होती. परंतु काम कसे करावे यावर आमची एकही बैठक झाली नाही, चर्चा झाली ती केवळ रामनवमीच्या आत ते उरकायचे कसे याचीच. कुणी सिमेंटच्या गोण्या दिल्या, कुणी ऑइलपेंटचे डबे दिले, आणि देवासाठी आलेली देणगी नाकारायची कशी, या संकोचापोटी जे आले ते सगळे भिंतीवर चढले. सभामंडपाच्या नक्षीदार खांबांना पिवळा आणि गाभाऱ्याच्या चौकटीला शेंदरी रंग लागला. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी मात्र ओळंबा लावून अगदी सरळ बसवली गेली.

पुढे जे झाले त्यात दैवाचा काही दोष नाही. दगड आणि चुन्याची जुनी भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात ती सोडते. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर तेलाचा रंग दिला की ओलीची वाट बंद होते. ती आतच अडकते, तिच्याबरोबर आलेले क्षार दगडात साचून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आमच्या एका खांबावरची वेल अशीच निम्मी गळाली. आता रंग काढायचा तर तोही प्रश्नच आहे, कारण वाळूच्या माऱ्याने तो निघतो खरा, पण त्याबरोबर उरलेल्या नक्षीच्या कडाही झिजून बोथट होतात.

जुन्या गवंड्यांची रीत याहून वेगळी होती. कळीचा चुना विझवून तो आठवडेच्या आठवडे पाण्यात मुरवायचा, मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मिसळून चुन्याच्या बैलघाणीत मळायचा, त्यात गुळाचे पाणी किंवा बेलफळाचा गर घालायचा, एक थर नीट आवळला की मगच दुसरा द्यायचा आणि तोवर गोणपाट भिजवून भिंत ओली ठेवायची. चुना हवेतूनच हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. नागपूरच्या उन्हात तो भरभर वाळला तर भेगा पडतात, म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत सुरू करावे लागते. रामनवमी तोंडावर आल्यावर नव्हे. विश्वस्तांनी हे एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ दगड वाचेल.

चितार ओळीतला मूर्तिकार हेच करतो. भाद्रपदाच्या दमट हवेत माती लवकर वाळत नाही, गिऱ्हाईक दारात उभे असते, तरीही आत ओल असेल तर तो रंगाला हात लावत नाही, कारण अशा मूर्तीचा रंग पोपडे धरून सुटतो हे त्याला ठाऊक असते. मूर्ती दहा दिवसांनी विसर्जित होणार आहे, हेही त्याला ठाऊक असते. पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून आपण जे करतो, त्याला मात्र आपण त्याच्याइतकाही वेळ देत नाही, याची मला लाज वाटते.

कीर्तनातून गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. भक्तीची परीक्षा घ्यायला त्यांनी हत्यार घेतले ते आपल्या धंद्यातलेच, याकडे माझे लक्ष इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. ते गेले ते गेल्या महिन्यात, चुन्याचे काम जाणणाऱ्या एका वृद्ध गवंड्याला आम्ही मंदिर दाखवायला नेले तेव्हा. त्यांनी काही विचारले नाही. हातोडीच्या दांड्याने ते गाभाऱ्याची भिंत वितीवितीच्या अंतराने वाजवत गेले, आणि आम्ही केलेला गिलावा जिथे जिथे होता तिथे तिथे आवाज पोकळ येत होता.

आपला,
एक माजी विश्वस्त,
महाल, नागपूर