खुर्ची आधी उलटी करून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या सोफ्याला 'नवा लूक' कसा द्यायचा यावर लेख आला होता. जुनं कापड ओरबाडून काढा, आतलं सगळं टाकून द्या, चार इंची फोम बसवा आणि वरून स्टेपल गनने नवं कापड ठोका, असा त्याचा एकूण मथितार्थ. अलीकडच्या फोमच्या सोफ्यापुरतं हे चालेल. पण तो लेख वाचून कुणी आजोबांच्या वेळची हात्यांची गुबगुबीत खुर्ची सोलायला बसलं असेल, तर त्यांनी जरा थांबावं म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, छत्तीस वर्षं फिटर होतो. कुशनकाम हा माझा धंदा नव्हे. या नादाला लागलो तो 2019 च्या पुरामुळे. शाहूपुरीत माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. ते ओसरल्यावर तिच्या सासऱ्यांची खुर्ची आम्ही दोघांनी उचलली, तर एक हात निखळून माझ्याकडे आला, पाठोपाठ मागचा पाय. "गेली ही," मी म्हणालो. गल्लीत सगळ्यांचाच संसार रस्त्यावर पडला होता, त्यात ती ठेवली. दुसऱ्या दिवशी डंपर घेऊन गेला.

ती मोडलीच नव्हती, हे मला दोन वर्षांनी कळलं. जुने सुतार सांध्याला सरस लावत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस गरम करून लावायचा. पाण्यात भिजत पडला की तो परत सुटतो. म्हणजे कुसू (खोबणीत बसणारं टोक) शाबूत, खोबण शाबूत, फक्त मधला सरस विरघळलेला. सावलीत सावकाश वाळवून, जुना सरस कोमट पाण्याने पुसून काढून ती पुन्हा जोडता आली असती. आतलं भरण टाकावंच लागलं असतं, पुराचं पाणी प्यालेला काथ्या घरात ठेवू नये. पण सांगाडा? जोड सुटणं वेगळं आणि तुटणं वेगळं, हे फिटरला कळू नये? बहिणीने आजवर हा विषय काढलेला नाही, तो तिचा चांगुलपणा.

मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर लक्ष्मीपुरीत एका भंगारवाल्याकडे मरून रंगाच्या रेक्झिनची एक खुर्ची दिसली. "पॅलेसमधली हाय, साहेब." कोल्हापुरात जुनी खुर्ची विकणारा दुसरं काही सांगतच नाही. छत्रपतींचा न्यू पॅलेस 1884 मध्ये पूर्ण झाला. तेव्हापासून तिथून बाहेर पडल्याचं मी ऐकलंय तेवढ्या खुर्च्या ठेवायच्या तर दुसरा पॅलेस बांधावा लागेल. मी काही न बोलता खुर्ची उलटी केली. वरचं कापड कुणीही कधीही बदललेलं असतं. खरं काय ते बुडाशी कळतं.

खालचं काळं कापड चुका (बारीक खिळे) मारून बसवलेलं होतं, स्टेपल एकही नाही. स्क्रू सरळ खाचेचे. फुलीच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेत बाजारात आला तो 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर, त्यामुळे तसे स्क्रू मूळ सांध्यात दिसले तर खुर्ची त्यापेक्षा जुनी नाही असं समजावं. (दुरुस्तीत घातलेला स्क्रू वेगळा, त्याच्या भोवतीचं लाकूड नवं खरवडलेलं दिसतं.) कापडाची एक कड उचलून आत बॅटरी मारली. तागाचे पट्टे कुजून लोंबत होते आणि त्यांच्यावर डमरूच्या आकाराच्या नऊ स्प्रिंगा, सुतळीने एकमेकींना बांधलेल्या. फोमचा पत्ता नाही. फोम ज्या पॉलियुरेथेनचा असतो, त्याचा शोध ऑटो बायर यांनी जर्मनीत लावला तो 1937 मध्ये, आणि फर्निचरमध्ये तो रुळला 1950 च्या दशकात. चौकटीच्या आतल्या बाजूला नखाने खरवडलं तर सागाचा तेलकट वास आला. विलायतेहून आलेल्या खुर्च्यांची चौकट बहुधा बीच लाकडाची असते, फिकट, त्यावर बारीक तपकिरी टिकल्या. लंडनच्या हॉवर्ड अँड सन्ससारख्या नामांकित कारखान्यांचा शिक्का मागच्या पायावर ठोकलेला सापडतो. इथे शिक्का नव्हता आणि लाकूड साग. म्हणजे आपल्याच देशातल्या कुणा सुताराचं काम. मला तेच हवं होतं. अठराशे रुपयांत व्यवहार झाला, रिक्षाचे दीडशे वेगळे.

घरी आल्यावर उसवायला चार दुपारी लागल्या. ओढून फाडायचं नाही. एकेक चूक उपसायची, निघालेला प्रत्येक तुकडा खडूने नाव घालून ठेवायचा, कारण नवीन कापड बेतायला तोच नमुना. रेक्झिनखाली हिरव्या फुलांचं कापड, त्याखाली निळ्या लोकरीचे धागे, शेवटी मांजरपाट. चौकटीवर चुकांच्या भोकांच्या तीन ओळी, म्हणजे खुर्चीने आजवर तीन कपडे घातले. बैठकीच्या खाचेत शेंगांची फोलपटं, केसांचा एक आकडा आणि 1944 चा भोकाचा पैसा सापडला. पैसा बघून नातू म्हणाला, आजोबा, खुर्ची 1944 ची! तसं नसतं. खिशातला पैसा नंतर कधीही पडू शकतो.

मांजरपाटाखालच्या भरणात दोन थर होते. खाली काथ्या, वर काळे कुरळे केस. ते घोड्याचे आहेत की रंगवलेला काथ्या, हे ओळखायला दोन धागे चिमट्यात धरून अंगणात पेटवले. केस आक्रसून गोळी होतो आणि केस जळल्याचा वास येतो. काथ्या काडीसारखा जळून राख होतो. माझे केस निघाले. 'आतलं टाकून द्या' म्हणणाऱ्या लेखावर माझा राग आहे तो इथे. इतक्या वर्षांनंतर ते केस रिठ्याच्या पाण्यात धुतले, सावलीत वाळवले, हाताने पिंजले आणि पुन्हा फुलून आले. माझ्या घरच्या सोफ्यातला फोम पंधरा वर्षांत पिवळा पडून पिठासारखा गळायला लागला होता.

स्प्रिंगा बांधणं मला येत नव्हतं. रविवार पेठेतल्या एका जुन्या कुशनवाल्यांकडे गेलो, वय पंच्याहत्तरीच्या पुढचं. ते म्हणाले, "फोम घालायचा तर सांजच्याला घेऊन जावा. स्प्रिंगा बांधायच्या तर आता मला वाकून बसवत न्हाई. तुमी बांधा, मी बघतो." मग ते स्टुलावर आणि मी जमिनीवर, असे सहा दिवस. सुतळीला मेण चोळायचं. प्रत्येक स्प्रिंग दोनेक इंच दाबून आठ दिशांनी बांधायची, शेजारच्या स्प्रिंगांना आणि चौकटीला, म्हणजे एकीवर आलेला भार नऊ जणींत वाटला जातो. मध्ये किंचित फुगवटा ठेवायचा. माझी गाठ ढिली झाली की ते काही न बोलता काठीने त्या स्प्रिंगेवर टिचकी मारत. नवशिक्या असताना आमचे फोरमन असेच करायचे.

एक चूक माझी स्वतःची. तागाचे पट्टे लवकर मिळेनात म्हणून मी गादीवाल्याकडची सुती नवार ताणून मारली. दीड महिन्यात ती सैल पडली आणि बैठक पोटासारखी खाली आली. सगळं पुन्हा उसवलं. ताग ताग असतो.

पुढच्या पायांना पितळी चाकं होती, त्यातलं एक फुटकं. उद्यमनगरातल्या ओळखीच्या ओताऱ्याने चांगल्या चाकाचा नमुना घेऊन वाळूत दुसरं ओतून दिलं. पितळ थंड होताना दीडेक टक्का आकसतं, त्यामुळे पायात बसणारी वाटी अर्धा मिलिमीटर लहान आली. ती आतून कानशीने घासून बसवली. बाकीच्या कामात मी शिकाऊ होतो, हे मात्र डोळे मिटून केलं. पॉलिशचं फार सांगत नाही. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने हात दिले. वरून मांजरपाट आणि त्यावर साधं जाड सुती कापड घातलं, रेक्झिन नाही.

जुनं म्हणून सगळंच ठेवा असं मी म्हणत नाही. चौकटीला किड्यांची भोकं असतील आणि खाली ताजा भुसा पडत असेल, तर ती खुर्ची आधी घरातल्या इतर लाकडापासून लांब ठेवा. उसवताना तोंडाला फडकं बांधा, त्या धुळीने मला आठवडाभर खोकला होता. आणि जुनं पॉलिश नुसतं मळलेलं असेल तर लगेच सँडपेपर घेऊन बसू नका. आधी ओल्या फडक्याने पुसा.

शेवटी एक विनंती. माझ्या खुर्चीच्या पुढच्या पट्टीवर आतल्या बाजूला पटाशीने दोन उभ्या रेघा कोरल्या आहेत. संचातल्या खुर्च्यांवर सुतार असे रोमन आकडे टाकत. म्हणजे एक नंबरची कुठेतरी असणार, कदाचित याच शहरात. चौकट सागाची, पाय शिसवी, हात पुढे गोल वळलेले, पुढे पितळी चाकं, पाठीची उंची साडेतेहतीस इंच. कापड कसलंही असेल, त्यावर जाऊ नका. कुणाच्या माडीवर किंवा जिन्याखाली अशी असेल तर उलटी करून एक उभी रेघ दिसते का तेवढं बघावं आणि आपल्या कार्यालयात कळवावं. विकायची नसली तरी चालेल, मला फक्त तिच्या स्प्रिंगा मूळ बांधणीत कशा आहेत ते बघायचंय.

आपला,
एक निवृत्त फिटर, राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे)