आप्पाकाकांच्या गिटारचं वय

टोरोंटो

प्रिय आई आणि दादा,

फोनवर सांगायला गेले की दादा मधेच "गिटारचे लाख तरी येतील ना" विचारतो आणि माझं पुढचं राहूनच जातं, म्हणून लिहूनच टाकते.

शनिवारी गिटार इथल्या एका रिपेअरवाल्या आजोबांकडे नेली. त्यांनी आधी भोकातून टॉर्च मारला. आतलं ते लाल लेबल आठवतं ना, आपण त्यावर फक्त यामाहा वाचायचो, पण त्यावर निप्पॉन गाक्की पण लिहिलंय. ते कंपनीचं जुनं नाव, १९८७ पर्यंत होतं. मॉडेल एफजी-१८०, हे १९६६ ला सुरू झालं आणि सत्तरीच्या सुरुवातीला लाल लेबल जाऊन हिरवं आलं, म्हणजे आपली त्या मधल्या पाचसहा वर्षांतली.

आता किंमत. दादा, बसून वाच. तीन-साडेतीनशे कॅनेडियन डॉलर, म्हणजे वीस-बावीस हजार. लाखांत जातात त्या सबंध लाकडाच्या, जुन्या अमेरिकन मार्टिन वगैरे. आपली प्लायची आहे, पुढची फळीसुद्धा. पण गंमत बघ, प्लायची म्हणूनच वेंगुर्ल्याचे इतके पावसाळे कौलांखाली माळ्यावर काढून एक चीर नाही, सबंध लाकूड कधीच तडकलं असतं! नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, मात्र पुढे ओढला गेलाय, तारा इतक्या वर आल्यात की बोटं सोलून निघतात, आणि तो सरळ करायचा खर्च जवळजवळ किमतीएवढाच.

आणि आई, त्या गणपतीत तू सुताराकडून तिला दारांबरोबर पॉलिश मारून घेतलंस ना, त्याने भाव अजून उतरला म्हणे. जुन्या गिटारचं मूळ फिनिश कितीही खराब असलं तरी तेच हवं असतं लोकांना. काका उगाच नाही ओरडायचे, "माझ्या गिटारीक कोणी हात लावू नकात!"

मला आता नक्की साल हवंय. ट्रंकेत काकांची सीडीसी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीची नोंदवही, असेल, त्यात बोटीवर चढल्या-उतरल्याच्या तारखा असतात, आणि जपानातल्या कोबेहून पाठवलेलं ते चित्राचं कार्ड, ज्यात "गिटार घेतली, वहिनीला सांगू नको" लिहिलंय. त्यावरचा पोस्टाचा शिक्का उन्हात धरून वाचा आणि दोन्हीचे फोटो पाठवा.

विकत नाहीये मी. कौलांचे पैसे पुढच्या महिन्यात वेगळे पाठवते. आणि सुताराला यातलं काही बोलू नका, बिचाऱ्याने पैसे पण घेतले नव्हते.

तुमची,
बेबी