स्टेम सेलचा लेख अर्धाच का छापला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. कालच्या पुरवणीतला जखमा भरणाऱ्या स्टेम सेलचा, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशींचा, लेख वाचला आणि रात्री झोप नाही लागली. पेशी नुसत्या टोचल्या तर जखमेत फारशा टिकत नाहीत, म्हणून कोलॅजन किंवा कायटोसानच्या जेलमध्ये बसवून लावतात, मग त्यातून जे स्रवतं त्याने नवीन रक्तवाहिन्या तयार व्हायला मदत होते, हे नीट समजलं. कायटोसान कोळंबीच्या टरफलांपासून काढतात, ती तर आमच्या हर्णैत ढिगाने पडतात. पण हे औषध आज दवाखान्यात मिळतं का, ते अख्ख्या लेखात कुठेच नाही!

माझ्या दादाला बरीच वर्षं डायबेटिस. खडपात कालवं काढताना पाय कापला, पायाची जाणीव गेलेली त्यामुळे त्याला कळलंच नाही, वहिनीने लादीवर रक्ताचे ठसे बघितले तेव्हा समजलं. महिनाभर हळद न् मलम, मग कोणीतरी सांगितलं म्हणून शहरातल्या एका क्लिनिकमध्ये नेलं. तिथे स्टेम सेल म्हणून तीन इंजेक्शनं दिली, जेल नाही काही नाही, ऐंशी हजार घेतले, होडीचं इंजिन विकून भरले आम्ही. पावतीवर फक्त 'प्रोसिजर'. शेवटी दोन बोटं काढावी लागली. ज्यांनी काढली ते डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात, मेलेलं मांस वेळेवर साफ आणि त्या पायावर भार नाही, एवढं आधी झालं असतं तर बोटं वाचली असती कदाचित.

आयसीएमआर म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2017 च्या गाइडलाइन्सप्रमाणे रक्ताचे वगैरे मोजके आजार सोडले तर स्टेम सेल मंजूर ट्रायलबाहेर, म्हणजे परवानगी घेऊन पेशंटवर केलेल्या चाचणीबाहेर, द्यायच्याच नाहीत, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. हे आम्हाला बोटं गेल्यावर कळलं. तुम्ही दोन ओळींची चौकट टाकली असती तर काय बिघडलं असतं?

आणि त्याच पानावर खाली कसली जाहिरात, तर गुडघ्यापासून जखमेपर्यंत सगळ्यावर स्टेम सेल! वर लेख न् खाली फोन नंबर, माणूस काय समजणार? दादाच्या टाचेला आता परत जखम झालीय. सकाळी वहिनी पेपर घेऊनच आली, "वन्सं, पेपरात आलंय, म्हणजे खरंच असणार ना?" मी तासभर समजावलं. तरी तो नंबर कापून तिने कालनिर्णयच्या मागे लावून ठेवलाय.

आपली एक वाचक,
हर्णै, ता. दापोली