शिकारीची सुरी उजळण्यापूर्वी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझे आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या शिकारखान्यात नोकरीस होते. शिवपुरीच्या जंगलातील दौऱ्यांत ते कमरेला लावीत असत ती सुरी वाटणीत माझ्याकडे आली. सांबरशिंगाची मूठ, साडेसहा इंचांचे पाते आणि कातडी म्यान असे तिचे रूप आहे. (मधली काही वर्षे आजीने ती नारळ सोलण्यासाठी वापरली, पण त्याने तिचे फारसे बिघडले नाही.) किंमत विचारण्यासाठी मी ती एका जुन्या वस्तूंच्या दुकानात नेली, तेव्हा "आधी चकचकीत करून आणा, मग बोलू" असा सल्ला मिळाला आणि मी तो मुकाट्याने पाळला. धार लावणाऱ्याच्या चाकावर काळपट पाते आरशासारखे झाले. पुढे एका जाणकाराने मुठीलगतचा भाग भिंगाखाली धरून कारखान्याचा ठसा कुठे गेला असे विचारले, तेव्हा मला खाली पाहावे लागले. आता तेथे इंग्लंडमधील शेफील्ड या गावाच्या नावातील शेवटची चार इंग्रजी अक्षरे तेवढी दिसतात. गाव कळते, पण कारागीर कळत नाही.

अशा सुरीची ओळख आणि बरीचशी किंमत त्या बोटभर जागेत असते. जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या कारखान्याचा तारा आणि माल्टीज क्रूस, किंवा जर्मनीतील झोलिंगेनच्या हेन्केल्स कारखान्याची जुळ्या माणसांची आकृती, अशा ठशांवरून घराणे कळते; मात्र नामांकित ठशांच्या नकलाही पुष्कळ झाल्या असल्यामुळे केवळ नाव वाचून हुरळून जाऊ नये. काळ ठरविण्यासही अक्षरे उपयोगी पडतात. आयात मालावर मूळ देशाचे नाव असावे असा दंडक अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने घातल्यामुळे 'इंग्लंड' हा शब्द असलेले पाते बहुधा त्यानंतरचे असते, परंतु तो शब्द नसणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. 'स्टेनलेस' असे कोरलेले असेल तर सुरी १९१३ च्या आधीची असूच शकत नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये ते पोलाद त्या वर्षी तयार केले. जुन्या पोलादावर वर्षानुवर्षांत चढलेली करडी-निळसर झाक हा मळ नसून वयाची साक्ष असते. तांबडा गंज तेवढा तेलाच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसावा. सुरी म्यानात घालून कपाटात ठेवू नये, कारण कातडे ओल धरते आणि पाते आतून खाल्ले जाते. म्यान जपावे, पण वेगळे.

विकण्याचा विचार असणाऱ्यांनी मुठीकडेही पाहावे. हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी आहे आणि सांबरशिंगही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत असल्याने वनविभागाला विचारल्याखेरीज व्यवहार करू नये. पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असल्यास शस्त्र कायद्याचीही चौकशी करावी. भावाचा अंदाज घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम पाहावी. घरात आजोबांचे तीच सुरी कमरेला असलेले छायाचित्र निघाले, तर ते सुरीसोबतच ठेवावे.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील अनेक मराठी घरांच्या माळ्यांवर अशा वस्तू पडून असतील. येथील गुजरी महालातील संग्रहालयाने वर्षातून एखादा दिवस नागरिकांनी आणलेल्या वस्तू केवळ ओळखून देण्यासाठी ठेवावा, किंमत सांगू नये, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर